नणंदेचा नंबर

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी नणंद पंधरा वर्षांची होती. घरात सगळे तिला डिंकी म्हणत. लहानपणी आईला एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून डिंकी. पुढे टेनिस कोर्टावरही तेच नाव टिकलं, कारण समोरचीने कसाही मारलेला चेंडू ही परत पाठवायची. जोर बेताचाच. सर्व्हिस तर अशी संथ, की समोरच्या मुलीला मध्ये एक जांभई देता यावी. पण परत पाठवायची. समोरची वैतागून चूक करेपर्यंत पाठवत राहायची.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी अजून बॅगाही नीट उघडल्या नव्हत्या, तर ही दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला चेंडू फेकता येतो?"

मी म्हटलं, येत असावा. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बादलीभर जुने चेंडू घेऊन नेटपाशी उभी होते आणि माझा नवरा घरी घोरत पडला होता. आठवड्याभरात "तुम्ही"चं "तू" झालं.

आमचं घर म्हणजे सासऱ्यांच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या तीन खोल्या. पुढे दोन मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल आणि कायम हवेत उडणारा धाग्यांचा भुसा. सासऱ्यांच्या कॉलरमध्ये दोरा ओवलेली सुई खोचलेली असायचीच. जेवायला बसायच्या आधी सासूबाई ती काढून घ्यायच्या, आणि जेवण झालं की ते ती परत खोचायचे. सासूबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला. नवरा पार्सलची गाडी चालवायचा, मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. टेनिसशी या घरातल्या कुणाचाही काही संबंध नव्हता. संबंध आला तो टपालवाल्या काकांमुळे.

हे काका आमच्या भागात पत्रं वाटायचे. टपाल कचेरीच्या मागे कर्मचाऱ्यांच्या क्लबाचं एक सिमेंटचं कोर्ट होतं, तिथे ते रोज खेळायचे. डिंकी सात वर्षांची असताना ते शर्ट शिवायला दुकानात आले. माप देताना त्यांनी रॅकेट टेबलावर ठेवली, आणि मापं होईपर्यंत हिने आरशावर चेंडू मारून आरसा फोडला. सासरे ओशाळले. काका मात्र म्हणाले, आरसा राहू द्या, पोरगी द्या. तेव्हापासून ती त्यांची शिष्या.

त्या कोर्टाच्या मधोमध एक भेग होती. काका तिला नदी म्हणत. चेंडू नदीवर पडला की कुठे उडेल याचा नेम नसायचा. दुसरी मुलं चिडायची, डिंकी वाकून, वळून, पडून तो घ्यायची. बाहेरगावी पहिल्यांदा चांगल्या कोर्टावर खेळून आली तेव्हा मला म्हणाली, की तिथे सगळे चेंडू खरं बोलतात, फार सोपं आहे.

सोपं नव्हतं. अठराव्या वर्षी ती मोठ्यांच्या स्पर्धा खेळायला लागली. मोठ्यांच्या म्हणजे नावालाच. टेनिसच्या जगात टीव्हीवर दिसणाऱ्या शंभरेक जणी असतात, आणि त्यांच्या खाली हजारेक जणी लहान-लहान गावांतून स्पर्धा खेळत हिंडत असतात, त्यांतली ही. जगाच्या क्रमवारीत नाव यायचं तर अशा स्पर्धेच्या मुख्य फेरीत निदान काही सामने जिंकावे लागतात. डिंकी चौदा महिने पात्रता फेरीतच हरत राहिली. नवरा जमेल तेव्हा पार्सलं पोचवता-पोचवता तिलाही पोचवायचा. मागे खोक्यांमध्ये बसून ती झोप काढायची आणि उतरली की अंगाला पुठ्ठ्याचा वास यायचा.

क्रमवारी दर सोमवारी लागते. एका सोमवारी सकाळी नवऱ्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि बोट लावून खाली-खाली जात राहिला. बराच वेळ गेला. मग त्याचं बोट थांबलं. अकराशे अडतीस.

सासऱ्यांनी खडू घेतला आणि कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला तो आकडा लिहून ठेवला. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, त्याने आकडा पाहून विचारलं, हे कसलं माप.

"मुलीचा नंबर आहे," सासरे म्हणाले.

"शाळेत?"

"जगात."

गिऱ्हाईक बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलं. मग म्हणालं, जगात माणसं किती आहेत ते पाहिलं तर फार वर आहे हो. सासऱ्यांनी त्याच्या पँटची लांबी फुकटात कमी करून दिली.

पुढची दहा वर्षं डिंकी बॅग घेऊन फिरत होती. मी दोन-तीनदा सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले, म्हणून त्या जगाची मला थोडी कल्पना आहे. तिथे चेंडू उचलून द्यायला कुणी नसतं, आपले आपणच उचलायचे. पहिल्या फेऱ्यांत आत-बाहेरसुद्धा आपलं आपण ठरवायचं. कपडे बेसिनमध्ये धुवायचे आणि पंख्याखाली टांगायचे. एका गावात तिचा सामना बघायला सात माणसं होती, त्यातली चार बसची वाट बघत होती. निर्णायक गेम चालू असताना बस आली. तिघे गेले, एक थांबला. डिंकी जिंकल्यावर त्याच्याकडे जाऊन हात मिळवून आली. तो बिचारा लाजून लाल झाला.

तिथेच तिला जिराफ भेटली. सहा फूट उंच, दुसऱ्याच कुठल्या देशातली, डिंकीसारखीच खालच्या नंबरातली. डबल्सला दोघींनाही जोडीदार नव्हती, म्हणून नाव टाकायच्या खिडकीपाशी त्यांनी एकमेकींकडे बघून मान हलवली आणि जोडी जमली. दोघींना मिळून एक धड भाषा येत नव्हती. चेंडू कुणी घ्यायचा ते सांगायला डिंकीने तिला आपले दोन शब्द शिकवले, "माझा" आणि "सोड". या दोन शब्दांवर त्या बारा वर्षं खेळल्या. जिराफ एकदा आमच्याकडे राहायला आली होती. आल्या-आल्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. दुपारी सासूबाई जड पिंप उचलायला लागल्या, तर ती "सोड" म्हणून धावली आणि "माझा" म्हणून पिंप एकटीने उचलून ठेवलं. सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे मुलगी मानली.

नंबर हळूहळू वर चढत होता. सहाशे, चारशे ऐंशी, सव्विसाव्या वर्षी चारशे बारा. पण प्रत्येक आठवडा संपायचा तो हरण्यानेच. स्पर्धेत एक जण सोडली तर सगळ्याच कुठे ना कुठे हरतात, आणि ती एक जण डिंकी क्वचितच असायची. एकदा मी तिला विचारलं, की याचा तुला त्रास होत नाही का.

ती म्हणाली, "तू दिवसभर मोडलेली हाडं बघतेस. घरी येऊन रडतेस का?"

मी म्हटलं, नाही, बहुतेक हाडं जुळतात.

"मग झालं," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला लागली.

याच दिवसांत एका अंपायरची आणि तिची जुंपली. सडपातळ माणूस, जाड चष्मा, अतिशय सभ्य. मातीच्या कोर्टावरचा सामना होता आणि त्या दिवशी मी आणि सासूबाई दोघी हजर होतो. डिंकीने मारलेला चेंडू रेषेवर पडला असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. हा खुर्चीवरून खाली उतरला, मातीतली खूण वाकून पाहिली, हळूच "बाहेर" म्हणाला आणि वर "सॉरी" म्हणाला. डिंकीने त्याच्याशी चांगली दोन मिनिटं हुज्जत घातली. तो शांतपणे ऐकून घेत राहिला. सासूबाई मला म्हणाल्या, याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, मी लांबून सांगते.

पुढच्या दोन वर्षांत तो नऊ-दहा वेळा तिच्या सामन्याला आला. दरवेळी काही ना काही व्हायचंच. डिंकी घरी फोन करायची तेव्हा सामन्याच्या आधी त्याचीच हकिगत. आज त्याने रॅकेट आपटल्याबद्दल ताकीद दिली, आज पाणी प्यायला दहा सेकंद जास्त घेतले म्हणून घड्याळ दाखवलं. आणि मग तो अचानक दिसेनासा झाला. म्हणजे स्पर्धेत असायचा, पण शेजारच्या कोर्टावर. शेवटी एका ठिकाणी कचेरीतल्या बाईकडून तिला कळलं, की त्याने चक्क लेखी दिलंय, या खेळाडूच्या सामन्याला मला नेमू नका. डिंकी संतापली. फोनवर मला म्हणाली, मी काय त्याला चावले होते का, एवढी लेखी तक्रार करायला. गाठून जाब विचारीन म्हणाली. पण खेळाडूंची आणि अंपायरांची उतरायची हॉटेलं वेगळी असतात, आणि तो समोर दिसला की वाट बदलायचा.

तिच्या एकोणतिसाव्या वर्षी नंबर दोनशे बत्तीसवर आला, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिला प्रवेश मिळाला. स्पर्धेचं शहर आमच्यापासून पाच तासांवर. नवऱ्याने पार्सलच्या गाडीत मागे दोन खुर्च्या बांधल्या, आणि आधीच पोचलेल्या डिंकीच्या मागोमाग आम्ही चौघे निघालो. काकांना यायचं होतं, पण पाय सुजला होता. त्यांनी फक्त निरोप दिला, की घाई करू नकोस म्हणावं, तिथे नदी नाहीये.

पात्रतेचे तीन सामने असतात. दोन तिने जिंकले, तिसरा तिसऱ्या सेटमध्ये पाच-सात असा हरली. तीच आम्हाला समजावत बसली, की शेवटच्या फेरीत हरलेल्यांची एक यादी असते. मुख्य फेरीतली कुणी आजारी पडली तर यादीतल्या एकीला आत घेतात. फक्त तिथे हजर असायला हवं. यादीत ती चौथी होती. दोन दिवस ती सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बूट घालून बाकावर बसून राहिली. यादीतल्या पहिल्या दोघींना सोमवारीच आत घेतलं. तिसरी कंटाळून दुसऱ्या स्पर्धेला निघून गेली. मंगळवारी पहिल्या फेरीचे शेवटचे सामने होते, आणि आम्हालाही निघायचं होतं, कारण गाडी परत द्यायची होती. डिंकी म्हणाली, जा तुम्ही. सासरे म्हणाले, बारापर्यंत बसू.

पावणेबाराला एकतिसाव्या नंबरच्या खेळाडूविरुद्ध जिचा सामना होता तिची पाठ धरली. दहा मिनिटांत कोर्टावर या, म्हणून डिंकीला सांगितलं. ती कपडे बदलायला धावली, आणि घाईत कपाटाच्या कडीत स्कर्टची कड अडकून वीतभर उसवली. बाकीचे दोन्ही स्कर्ट तिने सकाळीच धुवून टाकले होते. ती तशीच एका हाताने स्कर्ट धरून खेळाडूंच्या फाटकाशी आली. आम्ही बाहेर उभे होतो. आम्हाला आत सोडत नव्हते, तिला बाहेर.

सासऱ्यांनी कॉलरमधली सुई काढली आणि फाटकाच्या गजांमधून दोन्ही हात आत घातले.

"बाबा, दहाच मिनिटं आहेत."

"मला तीन पुरतात. हलू नकोस."

पहारेकरी आधी पुढे आला, मग थांबला, मग त्याने आपलं घड्याळ वर धरलं आणि मिनिटं मोजायला लागला. सासऱ्यांनी अडीच मिनिटांत शिवण घातली आणि दोरा दाताने तोडला, त्यासाठी त्यांना गजांमध्ये गाल दाबावा लागला. पहारेकरी म्हणाला, आजोबा, माझ्या कोटाचं बटण पण. सासरे म्हणाले, सामन्यानंतर. आणि खरंच नंतर लावून दिलं.

सामन्याबद्दल मी काय सांगू. पहिला सेट ती दोन-सहा हरली, आणि चाळीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकतिसावी दणादण मारत होती. दुसऱ्या सेटमध्ये डिंकीला तिचा वेग समजला. ती मागे सरकली, आणि जे काही येईल ते उंच, संथ, खोल परत पाठवायला लागली. एकतिसावीने असा कंटाळवाणा खेळ बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. ती आधी हसली, मग तिने प्रशिक्षकाकडे पाहिलं, मग चेंडू बाहेर मारायला लागली. दुसरा सेट डिंकीने सात-पाच घेतला. तोवर आमच्या आजूबाजूची माणसं डिंकीच्या बाजूने झाली होती. मागे बसलेला एक पोक्त गृहस्थ दर गुणाला माझ्या खुर्चीची पाठ बडवत होता.

तिसऱ्या सेटमध्ये पाच-पाच झाले तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. बघवत नाही म्हणाल्या. मग दर गुणाला माझा दंड धरून विचारायच्या, कुणाचा? मी सांगायची, आपला. किंवा, तिचा. सासरे उभे होते, त्यांना दोनदा खाली बसायला सांगितलं गेलं, दोन्ही वेळा ते बसून परत उठले. नवरा दोन्ही तळहात चेहऱ्यावर ठेवून बोटांच्या फटीतून बघत होता. सहा-पाच झाल्यावर शेवटचा गुण इतका चालला की मी मोजायला लागले, एकतीसपर्यंत मोजलं. मग एकतिसावीचा चेंडू जाळीत अडकला.

सासूबाईंनी विचारलं, कुणाचा?

मी कोर्टाकडेच बघत होते. त्यांनी परत विचारलं. मी त्यांना मिठीच मारली. डिंकी कोर्टावर तशीच उभी होती आणि खुर्चीवरच्या अंपायरबाईंकडे बघत होती, झालं ना, खरंच झालं ना, अशा चेहऱ्याने. त्या बाईंनीही हसून मान हलवली. काकांना फोन लावला तर ते हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत. बघितलं, सगळं बघितलं, एवढंच म्हणत राहिले.

नवऱ्याने मालकाला फोन करून गाडी आणखी दोन दिवस मागून घेतली. दोन दिवसांनी दुसऱ्या फेरीत ती एक-सहा, दोन-सहा अशी हरली. पंचावन्न मिनिटांत. आम्ही फाटकाशी तिची वाट बघत उभे होतो, आणि ती हसतच बाहेर येत होती. तेवढ्यात शेजारच्या दारातून तो चष्मेवाला अंपायर बॅग घेऊन बाहेर पडला. या वेळी वाट बदलायला जागाच नव्हती. डिंकीने रॅकेटांची बॅग खाली ठेवली. मला वाटलं, आता ही त्याला मारते.

"माझ्याबद्दल काय तक्रार केलीत तुम्ही?"

"तुमच्याबद्दल नाही केली," तो म्हणाला. "माझ्याबद्दल केली."

"म्हणजे?"

त्याने आमच्या चौघांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग अगदी सरळ, स्कोअर सांगावा तसं सांगितलं. "तुमचा चेंडू बाहेर पडला की मला वाईट वाटायला लागलं. अंपायरला वाईट वाटून चालत नाही. म्हणून कळवून टाकलं, की या खेळाडूच्या बाबतीत माझा भरवसा धरू नका."

सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "चष्मा बघू."

त्याने मुकाट्याने चष्मा काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, तिरका केला, लांब नेला. म्हणाल्या, उजव्या काचेचा नंबर जुना झालाय, आमच्याकडे या, बदलून देते. डिंकी त्या बॅगेवरच खाली बसली आणि हसत सुटली. हसता-हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो चष्म्याशिवाय उभा, त्याला ती हसतेय की रडतेय हेही नीट दिसत नव्हतं.

तो आला काच बदलायला. मग दांडी सैल झाली म्हणून आला. मग कारण न सांगताच यायला लागला. दीड वर्षाने एका सोमवारी त्यांनी लग्नाच्या कचेरीत सह्या केल्या, आणि मंगळवारी डिंकीचा सामना होता. साक्षीदार म्हणून जिराफने सही केली. नंतर तो प्रेक्षकांत बसून तिचे सामने बघायचा, पण सवयीने दोन्ही बाजूंच्या चांगल्या फटक्यांना टाळ्या वाजवायचा. ती सवय मोडायला डिंकीला तीन वर्षं लागली.

तिचा सगळ्यात वरचा नंबर एकशे अठ्ठ्याहत्तर. तिथे ती जेमतेम पाच आठवडे होती. मग परत दोनशे, तीनशे, परत ती लहान गावं आणि बेसिनमधले कपडे. मी विचारलं होतं, एवढं वर जाऊन आल्यावर आता हे कसं वाटतं. ती म्हणाली, कोर्ट तेवढंच असतं गं, पट्टी लावून बघ.

चौतिसाव्या वर्षी तिचा गुडघा दुखायला लागला. एक्स-रे मीच काढला. फिल्म पाहिली आणि परत एकदा उजेडात धरली. आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. मी तसं म्हटलंही. ती टेबलावर पाय सोडून बसली होती.

"वहिनी, तू सांग."

मी सांगितलं, कूर्चा झिजलीय, एकटीने सगळं कोर्ट धावणं आता जमणार नाही. ती थोडा वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसली. डोळे भरले, ते तिने पुसले. मग विचारलं, अर्धं कोर्ट जमेल? मी म्हटलं, अर्धं जमेल बहुतेक. तिने तिथूनच जिराफला फोन लावला.

पुढची दोन वर्षं त्या फक्त डबल्स खेळल्या आणि त्यात तीन स्पर्धा जिंकल्या. एकटीने खेळताना जिंकल्या नसतील एवढ्या. मग जिराफला बाळ झालं, आणि दोघींनी एकाच दिवशी थांबायचं ठरवलं. शेवटच्या सामन्याला आम्ही कुणीच नव्हतो. त्या हरल्या, जाळीपाशी चौघींचा फोटो काढला आणि पोहायला गेल्या.

आता डिंकी एकोणचाळीस वर्षांची आहे. टपाल क्लबात सकाळी मुलींना शिकवते, दुपारी अंपायर नवऱ्याला नियम समजावून सांगते, असं तो म्हणतो. वर्षातून दोनदा, आपापली घरं सांभाळून, ती आणि जिराफ पस्तिशीच्या पुढच्यांच्या स्पर्धांना जातात. गेल्या आठवड्यातच अशा एका स्पर्धेहून तिचा फोन आला. उपांत्य फेरीत हरलो म्हणाली, पण वहिनी, काय सामना झाला, सांगू का? मी फोन स्पीकरवर टाकला आणि भाजी चिरायला घेतली. सगळी भाजी चिरून झाली, ताटं घेऊन झाली, नवरा जेवायला येऊन बसला, तरी आमचा पहिला सेट अजून चार-चारवरच होता.